स्वेन तुंबा: आइस हॉकी, फुटबॉल, गोल्फ आणि बरंच काही – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वीडनचे खेळाडू म्हटलं की आपल्याकडे ब्योर्न बोर्ग, इब्राहिमोविच आणि अलीकडे डुप्लांटिस ही नावं लगेच निघतात. स्वेन तुंबाचं नाव कुणी काढत नाही. कारण सरळ आहे: त्याचा मुख्य खेळ आइस हॉकी, आणि लडाख-हिमाचलचा पट्टा सोडला तर आपल्याकडे तो खेळ कुणी फारसा पाहिलेलाही नसतो. पण एकाच माणसाने किती खेळ किती वरच्या पातळीवर खेळावेत याचा विषय निघाला की स्वीडिश लोक पहिलं नाव त्याचं घेतात. त्याच्याबद्दल नेहमी पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हा तुंबा नेमका कोण?

जन्म 27 ऑगस्ट 1931, स्टॉकहोम. आइस हॉकीत स्वीडनचा कर्णधार, चार हिवाळी ऑलिंपिक, तीन जगज्जेतेपदं. फुटबॉलमध्ये स्वीडनच्या पहिल्या विभागाचं, म्हणजे ऑलस्वेन्स्कानचं विजेतेपद आणि राष्ट्रीय संघाकडून एक सामना. वॉटर स्कीइंगमध्येही देशात अव्वल. हॉकी सोडल्यावर गोल्फ खेळाडू, गोल्फ स्पर्धांचा आयोजक आणि गोल्फची मैदानं आखणारा. 1 ऑक्टोबर 2011 रोजी वयाच्या 80व्या वर्षी त्याचं निधन झालं.

'तुंबा' हे कसलं आडनाव?

आपल्या भोपळ्याच्या तुंब्याशी त्याचा काही संबंध नाही! तुंबा हे स्टॉकहोमच्या दक्षिणेचं एक गाव. 1755 मध्ये तिथे कागदाची गिरणी निघाली ती स्वीडनच्या नोटांचा कागद बनवायला, आणि गावाची ओळख तीच.

स्वेन लहानाचा मोठा झाला तो या गावात. खरं आडनाव योहान्सन. आता स्वीडनमध्ये योहान्सन म्हणजे आपल्याकडचे पाटील किंवा जाधव. एका संघात दोन-तीन सहज निघतात. मग हा कुठला योहान्सन, तर तुंबाचा. टोपणनाव इतकं रुळलं की 1965 मध्ये त्याने कायदेशीरपणे तेच आडनाव घेतलं. पूर्वी सोलापूरकर, सातारकर झाले ते असेच.

आइस हॉकी म्हणजे आपलीच हॉकी, फक्त बर्फावर ना?

नाही. काठी असते आणि गोल असतो, साम्य तिथेच संपतं. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. कॅरमचा स्ट्रायकर पावडर टाकलेल्या बोर्डावर कसा सुळकन जातो, तसा पक बर्फावरून जातो, फक्त कितीतरी पट वेगाने. एका संघाचे गोलरक्षकासह सहा जण एका वेळी बर्फावर असतात. भोवती कठडा असतो, त्यामुळे पक सहसा बाहेर जात नाही, आपटून परत खेळात येतो. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. अंगाने धडक मारायला नियमांतच मुभा आहे. खेळाडू इतके दमतात की मिनिटभरात बदलावे लागतात, आणि हे बदल खेळ न थांबवता चालू सामन्यातच होतात.

तुंबा आघाडीला खेळायचा. उंच आणि दणकट असूनही स्केट्सवर चपळ. असा खेळाडू अंगावर येत असताना गोलरक्षकाला काय वाटत असेल त्याची कल्पना करा!

हॉकीतली त्याची कामगिरी किती मोठी?

आकडे सांगतो: स्वीडनकडून 245 सामने, 186 गोल. 1952 च्या ओस्लो ऑलिंपिकमध्ये कांस्य, 1964 च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये रौप्य. मधल्या 1956 आणि 1960 च्या ऑलिंपिकमध्येही तो होता, पण पदक नाही. जगज्जेतेपदं 1953, 1957 आणि 1962 ची. यातल्या शेवटच्या दोन वेळा स्पर्धेतला सर्वोत्तम आघाडीपटू तोच ठरला.

स्वीडनच्या वरच्या लीगमध्ये त्याचा क्लब एकच, स्टॉकहोमचा यूरगॉर्डन. 1950 ते 1966 तो तिथे खेळला. त्या काळात क्लबने आठ वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं; त्यांतली सहा तर लागोपाठ, 1958 ते 1963. त्याची 5 क्रमांकाची जर्सी क्लबने नंतर कुणालाच दिली नाही. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने 1997 मध्ये सन्मान-यादी सुरू केली, तिच्या पहिल्याच तुकडीत त्याचं नाव आहे.

माझं मत विचाराल तर बाकी सगळे खेळ बाजूला ठेवले तरी केवळ हॉकीच्या जोरावर तो मोठाच ठरतो.

तिन्ही जगज्जेतेपदांच्या वेळी मोठे संघ आलेच नव्हते, हे खरं का?

खरं आहे, आणि स्वीडिश लोक ते लपवत नाहीत. त्या काळात हॉकीचं राजकारण बर्फाच्या बाहेरच जास्त चालायचं.

1953 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या स्पर्धेला कॅनडा आला नाही. त्यात चेकोस्लोव्हाकियाचे अध्यक्ष गोटवाल्ड वारले आणि तो संघ अर्ध्यातून घरी परतला. मैदानात उरलं कोण, तर स्वीडन, पश्चिम जर्मनी आणि यजमान. या सुवर्णाला फार वजन नाही, असं मी तरी म्हणेन.

1957 ची स्पर्धा मॉस्कोत. आदल्या वर्षी सोव्हिएत रणगाडे हंगेरीत घुसले होते, त्याच्या निषेधात कॅनडा आणि अमेरिकेने बहिष्कार टाकला. पण सोव्हिएत संघ होता, घरच्या मैदानावर होता, आणि आदल्याच वर्षी ऑलिंपिक सुवर्ण घेऊन बसला होता. शेवटचा सामना बंदिस्त हॉलमध्ये नव्हे, नव्या लेनिन स्टेडियममध्ये, उघड्यावर. प्रेक्षक 50,000 हून अधिक, आणि जवळपास सगळे यजमानांच्या बाजूचे. स्वीडनने आधी दोन गोलांची आघाडी घेतली, मग सोव्हिएत संघाने चार गोल मारून पारडं फिरवलं, आणि शेवटी स्वीडनने 4–4 अशी बरोबरी केली. गुणांच्या हिशेबात स्वीडनला बरोबरीच पुरेशी होती.

या सामन्याचा एक किस्सा स्वीडनमध्ये अजून सांगतात. बक्षीस समारंभात राष्ट्रगीताची वेळ आली, आणि घरी रेडिओवर सगळा देश ऐकतोय. स्वीडनच्या खेळाडूंपैकी बहुतेकांना राष्ट्रगीताचे शब्दच धड येत नव्हते. मग त्यांनी ग्लास रिकामा करताना म्हणायचं एक गाणं ठोकून दिलं, जे प्रत्येक स्वीडिश माणसाला झोपेतही येतं.

1962 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जला उलटं घडलं. बर्लिनची भिंत नुकतीच उभी राहिली होती. पूर्व जर्मनीच्या खेळाडूंना प्रवासाची परवानगी मिळाली नाही, म्हणून सोव्हिएत संघ आणि चेकोस्लोव्हाकिया आलेच नाहीत. पण इथे कॅनडा होता, आणि जागतिक स्पर्धेत स्वीडनने कॅनडाला तोवर कधीच हरवलं नव्हतं. या वेळी 5–3 ने हरवलं. शेवटच्या क्षणांत कॅनडाने गोलरक्षक काढून जादा खेळाडू उतरवला होता. निस्से निल्सनने लांबून मारलेला पक रिकाम्या गोलाकडे सरकत चाललाय आणि रेडिओवर लेनार्ट ह्यूलंड ओरडतोय की तो सरकत सरकत गोलात जातोय... हे समालोचन स्वीडनच्या खेळ-इतिहासातलं सगळ्यात प्रसिद्ध वाक्य मानतात. त्या संघाचा कणा तुंबा होता.

तेव्हा हिशेब असा: एक सुवर्ण हलकं, दोन भक्कम.

हॉकी आणि फुटबॉल एकाच वर्षी कसं जमायचं?

हवामानामुळे आणि क्लबांच्या रचनेमुळे.

स्टॉकहोममध्ये हिवाळ्यात फुटबॉलचं मैदान गोठतं आणि उन्हाळ्यात बर्फ वितळतो. त्या काळात हॉकीही बरीचशी उघड्यावरच चालायची. स्टॉकहोमचं योहानेसहोव्ह स्टेडियम 1955 मध्ये सुरू झालं तेव्हा त्याला छप्परही नव्हतं. ते नंतर चढलं. त्यामुळे एका खेळाचा हंगाम दुसऱ्याच्या पायात येत नसे. शेतकऱ्याचा खरीप आणि रब्बी असतो, तसंच.

क्लबांचं म्हणाल तर यूरगॉर्डन हा 1891 मध्ये स्थापन झालेला क्रीडा संघ. एकाच नावाखाली फुटबॉल, हॉकी आणि इतर अनेक खेळांचे विभाग. खेळाडू हिवाळ्यात एका विभागात आणि उन्हाळ्यात दुसऱ्यात, पण जर्सीवरचा बिल्ला तोच.

1959 चं उदाहरण घ्या. तोवर ऑलस्वेन्स्कान शरदात सुरू होऊन मध्ये हिवाळ्याची सुट्टी घेत वसंतात संपायचं. त्या वर्षापासून ते वसंत ते शरद असं एकाच कॅलेंडर वर्षात बसवलं. म्हणजे हॉकीला हिवाळा पूर्ण मोकळा. त्याच वर्षी यूरगॉर्डन हॉकीतही विजेता आणि फुटबॉलमध्येही विजेता, आणि दोन्ही संघांत तुंबा.

फुटबॉलपटू म्हणून तो खरंच चांगला होता, की नावावर खपून गेला?

चांगला होता, महान नव्हता. दणकट आघाडीपटू. राष्ट्रीय संघाकडून एकच सामना खेळला यावरून काय ते समजा. 1958 मध्ये स्वीडनने घरच्या विश्वचषकात अंतिम फेरी गाठली, पेलेच्या ब्राझीलशी. त्या संघात तुंबा नव्हता.

पण फुटबॉलच्या इतिहासात त्याची एक हजेरी आहे. 1955 मध्ये युरोपियन कप, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगची पूर्वज स्पर्धा, पहिल्यांदा झाली. सोळा क्लब होते, त्यांत यूरगॉर्डन. पहिल्या फेरीत त्यांनी वॉर्सॉच्या ग्वार्डियाला हरवलं. पुढची गाठ एडिनबरोच्या हिबर्नियनशी. नोव्हेंबर उजाडला होता आणि स्टॉकहोममध्ये फुटबॉल खेळण्याजोगं मैदान उरलं नव्हतं. म्हणून यूरगॉर्डनचा 'घरचा' सामनाही स्कॉटलंडमध्येच, ग्लासगोच्या फरहिल मैदानावर झाला! दोन्ही सामने हिबर्नियनने जिंकले, 3–1 आणि 1–0. ज्या थंडीने तुंबाला हॉकीपटू केलं, त्याच थंडीने त्याच्या फुटबॉल संघाचं घरचं मैदान हिरावलं.

एवढा मोठा खेळाडू होता तर एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये) का गेला नाही?

गेला होता, राहिला नाही. 1957 मध्ये बोस्टन ब्रुइन्सने त्याला सराव शिबिराला बोलावलं. युरोपात घडलेला खेळाडू एनएचएलच्या शिबिरात येण्याची ही पहिलीच वेळ. तिकडे त्याने क्विबेक एसेसकडून खालच्या लीगमध्ये काही सामनेही खेळले.

अडचण होती हौशीपणाच्या नियमाची. एनएचएलच्या करारावर सही केली की तो व्यावसायिक ठरणार, आणि व्यावसायिकाला ऑलिंपिक व जागतिक स्पर्धेची दारं बंद. तुंबाने स्वीडनची जर्सी निवडली आणि परत आला. नंतर 1965 मध्ये उल्फ स्टर्नर न्यूयॉर्क रेंजर्सकडून एनएचएलमध्ये खेळणारा, स्वीडनमध्ये घडलेला पहिला खेळाडू ठरला, आणि 1973 मध्ये टोरोंटोला गेलेल्या ब्योर्ये साल्मिंगने ते दार कायमचं उघडलं. तुंबा तेव्हा राहिला असता तर? कॅनेडियन लोक युरोपियनांना 'मऊ' समजायचे, त्या काळी त्याचं काय झालं असतं, यावर हॉकीप्रेमी रात्र काढू शकतात.

एक ना धड, भाराभर चिंध्या, असं त्याच्याबाबत म्हणता येईल का?

म्हण चांगली आहे, पण इथे लागू होत नाही. त्याने सगळे खेळ एकाच मापाने खेळले, असा समज होतो तो चुकीचा. एक खेळ धड होता, पूर्ण धड. दुसरा, फुटबॉल, हंगाम मोकळा असल्यामुळे आणि अंगात जोर असल्यामुळे. गोल्फ आला तो पहिल्या खेळातून निवृत्त झाल्यावर. वॉटर स्कीइंग हे उन्हाळ्यातलं वेड, पण स्वीडनमध्ये तलाव इतके की वेडालाही अव्वल दर्जा येतो.

हेल्मेटचा आणि त्याचा काय संबंध?

पन्नासच्या दशकात बहुतेक हॉकीपटू उघड्या डोक्याने खेळायचे. रबरी पक, लोखंडी पाती आणि कठडे, आणि डोक्यावर फक्त भांग. तुंबाने हॉकीसाठी खास हेल्मेट तयार करण्यात पुढाकार घेतला आणि स्वतः ते घातलं. देशाचा सगळ्यात मोठा, सगळ्यात दांडगा खेळाडू हेल्मेट घालतो म्हटल्यावर ते घालणाऱ्याला भित्रा कोण म्हणणार? तुलनेला एवढं सांगतो की एनएचएलने नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचं केलं ते 1979 मध्ये, आणि जुन्यांना सवलत असल्यामुळे उघड्या डोक्याचा शेवटचा खेळाडू 1997 मध्ये निवृत्त झाला.

'टीव्ही-पुकेन' म्हणजे काय?

स्वीडिश भाषेत 'पुकेन' म्हणजे तोच आपला पक. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची जिल्हावार हॉकी स्पर्धा, सामने टीव्हीवर. सुरुवात 1959, आणि कल्पनेमागे तुंबाचं नाव घेतात. लहान गावातल्या मुलाला जिल्ह्याची जर्सी मिळते आणि आजी त्याला टीव्हीवर बघते, यात किती ताकद आहे ते कबड्डीच्या किंवा कुस्तीच्या गावात वाढलेल्याला वेगळं सांगायला नको. पीटर फोर्सबर्गसारखे पुढचे मोठे खेळाडू याच वाटेने आले. स्पर्धा अजून चालू आहे.

गोल्फमध्ये त्याने काय मिळवलं?

इथे दोन वेगळी उत्तरं आहेत.

खेळाडू म्हणून: बऱ्यापैकी. उशिरा सुरुवात करूनही 1973 च्या गोल्फ विश्वचषकात त्याने स्वीडनचं प्रतिनिधित्व केलं. जागतिक दर्जाचा गोल्फर तो कधी नव्हता. हॉकीची काठी आणि गोल्फची काठी यांत कंबरेचं आणि मनगटाचं काम बरंच सारखं असतं. निवृत्त हॉकीपटू गोल्फकडे वळतात ते काही उगाच नाही.

माणूस म्हणून मात्र त्याने स्वीडनच्या गोल्फचा चेहरा बदलला. त्या काळी हा खेळ मूठभर श्रीमंतांचा होता. तुंबाने स्वतःची लोकप्रियता त्यामागे लावली. 1973 मध्ये त्याच्या पुढाकाराने ड्रॉटनिंगहोमला, राजवाड्याच्या परिसरात, स्कँडिनेव्हियन एंटरप्राइज ओपन सुरू झाली. पहिल्या वर्षी जिंकला न्यूझीलंडचा डावखुरा बॉब चार्ल्स, पुढच्या वर्षी इंग्लंडचा टोनी जॅकलिन. टीव्हीवर दिसणारे हे लोक अचानक स्वीडिश गवतावर चालू लागले!

मग त्याने मैदानं आखायला घेतली. स्टॉकहोमच्या उत्तरेला, तलावाच्या काठी, 1981 मध्ये उघडलेलं उल्ना हे त्यांतलं गाजलेलं. पाणी इतकं जवळ की चेंडू गमावण्याची भीती फटक्याआधीच खांद्यात उतरते. 1988 मध्ये हौशी खेळाडूंची जागतिक सांघिक स्पर्धा, आयझेनहॉवर ट्रॉफी, इथेच झाली.

मॉस्कोत गोल्फ मैदान त्यानेच बांधलं का?

हो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, सोव्हिएत संघ अजून उभा असताना, मॉस्को शहराच्या हद्दीत नऊ भोकांचं मैदान झालं, ते तुंबाच्या प्रयत्नांतून. भांडवलदारांचा खेळ म्हणून ज्याची चेष्टा व्हायची तो खेळ कम्युनिस्ट राजधानीत आणणं, आणि तोही 1957 मध्ये त्याच शहरात त्यांच्याच लोकांसमोर सुवर्ण नेलेल्या माणसाने! रशियन प्रेक्षकांत त्याच्याबद्दल आदर होता, त्याचा उपयोग झाला असणार. तिथे त्याचं नाव कुणाला सांगावं लागत नव्हतं.

स्वीडनमध्ये असा तो एकटाच का?

नाही, पूर्वी ही पद्धतच होती. उन्हाळ्यात फुटबॉल आणि हिवाळ्यात बँडी (बर्फावर चेंडूने खेळायचा, फुटबॉलच्या मैदानाएवढा खेळ) अशी जोडी सर्रास दिसायची. ओर्व्हार बर्गमार्क हा त्यातला ठळक. 1958 च्या विश्वचषकात उपविजेत्या स्वीडनचा बचावपटू, बँडीतही राष्ट्रीय संघात, आणि 1970 च्या विश्वचषकात फुटबॉल संघाचा प्रशिक्षक. अलीकडच्या काळात माग्दालेना फोर्सबर्ग स्कीइंग सोडून बायथलॉनमध्ये (स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र असलेल्या खेळात) गेली आणि तिथे सहा वर्षं लागोपाठ विश्वचषकाची मालिका जिंकली. स्टिना निल्सनने 2018 मध्ये स्कीइंगचं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं आणि दोनच वर्षांनी बंदूक पाठीवर घेऊन बायथलॉनला निघाली. पण ही जवळच्या खेळांतली उडी. बर्फ, गवत, पाणी आणि परत गवत असा प्रवास तुंबाचाच.

आज दुसरा तुंबा होऊ शकेल?

मला नाही वाटत. हॉकी आता छपराखाली जवळजवळ वर्षभर चालते, फुटबॉलचा करार दुसरा खेळ खेळायला परवानगी देत नाही, आणि पंधराव्या वर्षीच मुलाला एक खेळ निवडायला सांगतात.

त्याच्याबद्दल शोधताना काय लक्षात ठेवावं?

1965 च्या आधीच्या नोंदींत तो बहुधा स्वेन योहान्सन या नावाने सापडतो, कधी मध्ये अवतरणात 'तुंबा' घालून. चारही ऑलिंपिक त्याच्या नाव बदलण्याआधीची, त्यामुळे जुन्या याद्यांत फक्त 'तुंबा' शोधलंत तर हाती काही लागणार नाही. स्वीडिश लोक मात्र पहिलं नाव घेतच नाहीत. त्यांच्यासाठी तो नुसता तुंबा.